व्युत्पत्ती कोर्टात उभी राहते तेव्हा

२०२२ साली पोळ्याच्या आठवड्यात पोस्टमनने एक जाड लिफाफा हातात दिला. रजिस्टर्ड पोस्टाने आलेली वकिलाची नोटीस होती. मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर २२ वर्षे काढली. या काळात शेतकऱ्यांच्या तक्रारींचे पुष्कळ कागद पाहिले, पण स्वतःच्या नावाने आलेली ही पहिलीच नोटीस. मजकूर थोडक्यात असा : आपण चालवीत असलेल्या संकेतस्थळाचे नाव आमच्या अशिलाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी तंतोतंत जुळते. १५ दिवसांच्या आत ते नाव आमच्या अशिलाकडे वर्ग करावे, अन्यथा दिवाणी कारवाई करण्यात येईल. अशील म्हणजे मसाले तयार करणारी एक कंपनी होती.

माझे संकेतस्थळ जुन्या मापांचे आहे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशिरी, पायली, मण, खंडी. १९५६च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली आणि ही नावे हळूहळू फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली. वजनकाट्यावर बसून मी ती टिपू लागलो. एकाच मापाला दोन तालुक्यांत दोन नावे, एकाच नावाची दोन गावांत दोन वजने, खळ्यावर माप मोजताना म्हणायचे शब्द, हे सगळे वह्यांत साठत गेले आणि २०११ पासून संकेतस्थळावर चढत गेले. सांगणाऱ्यांपैकी निम्मे आज हयात नाहीत. त्यांचे आवाज तिथे आहेत. काही प्रबंधांच्या संदर्भसूचीत तो पत्ता छापलेला आहे. नाव गेले असते तर मजकूर दुसरीकडे हलवता आला असता, पण छापील पुस्तकांतला पत्ता हलवता येत नाही.

संकेतस्थळाचे नाव खळ्यावरचा एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही, आणि कंपनीचेही नाव सांगत नाही. एक सांगितले की दुसरे कळते, आणि तसे न सांगण्याचे दोघांत ठरले आहे. मी वकील नाही. नोटीस आल्यावर मात्र मी हा विषय जमेल तसा वाचून काढला. निकालपत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार समोर आली, तीच या लेखात मांडायची आहे : नावाच्या भांडणात न्यायाधीश सगळ्यात आधी व्युत्पत्ती विचारतो. हा शब्द तुम्ही कुठून आणला, आणि का आणला?

एक रस्ता आणि एकच पाटी

आपल्या कोणत्याही गावात ‘महालक्ष्मी’ नावाची चार दुकाने सापडतात. एक सोन्याचांदीचे, एक किराणा मालाचे, एक रसवंतीगृह, एक सायकल दुरुस्तीचे. कोणी कोणावर दावा लावत नाही, कारण सोने घ्यायला निघालेला माणूस चुकून रसवंतीत शिरत नाही. ट्रेडमार्कचा कायदा हाच व्यवहार मान्य करतो. त्याने वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग पाडले आहेत. चहा, कॉफी, मसाले ३० व्या वर्गात; छापील साहित्य १६ व्या वर्गात; शिक्षण आणि करमणूक ४१ व्या वर्गात. एकच शब्द वेगवेगळ्या वर्गांत वेगवेगळ्या मालकांचा असू शकतो, आणि वेगवेगळ्या देशांतही.

इंटरनेटवर ही सोय नाही. तिथे प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो आणि माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून त्यावर नावाची पाटी लावलेली असते. तीच डोमेन नेम. विशिष्ट शेपटीचे, म्हणजे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’चे, एक नाव जगात एकालाच मिळते आणि जो आधी येईल त्याला मिळते. देताना कोणी विचारत नाही की तुमचा यावर हक्क काय. शिवाय ते विकतही मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी फी भरून घ्यायचे आणि मुदत संपली की पुन्हा भरायची.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यासारखा हा प्रकार आहे. बहुतेक जण बसण्यासाठीच रुमाल टाकतात. काही जण मात्र दहा जागांवर दहा रुमाल टाकतात आणि मग जागा विकायला उभे राहतात. १९९५च्या सुमारास अमेरिकेत डेनिस टेपेन नावाच्या गृहस्थांनी शंभराहून अधिक नामांकित नावे अशी अडवून ठेवली. त्यांत चित्रपटाच्या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॅनाव्हिजन कंपनीचे नाव होते. कंपनीने हरकत घेतली तेव्हा त्या जागेवर इलिनॉय राज्यातल्या ‘पॅना’ नावाच्या गावाची छायाचित्रे लावलेली होती. पॅनाचे दर्शन, म्हणून पॅनाव्हिजन! सोबत १३,००० डॉलर दिल्यास नाव सोडण्याची तयारीही कळवली होती. १९९८ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

मागाहून सुचलेली व्युत्पत्ती

आपल्याकडचा या विषयावरचा एक सुरुवातीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, १९९९ सालचा. ‘रेडिफ’ हे नाव चालू असताना दुसऱ्या एका संस्थेने ‘रॅडिफ’ घेतले. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. प्रतिवादीचे म्हणणे असे की हा शब्द आम्ही स्वतंत्रपणे बनवला : ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरे, ‘इन्फर्मेशन’चे एक, ‘फ्यूचर’चे एक आणि ‘फ्री’चे एक. न्यायालयाला ही फोड पटली नाही. फसवण्याचा हेतू एकदा दिसला की प्रत्यक्षात कोण फसेल याची आणखी चौकशी करण्याची गरज उरत नाही, असे या निकालाचे तात्पर्य. डोमेन नेम म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, हेही न्यायालयाने सांगितले.

पाच वर्षांनी, २००४ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे ‘सिफी’चे प्रकरण आले. सत्यम इन्फोवे या नावातून ‘सिफी’ हा शब्द घडवला गेला होता. दुसऱ्या कंपनीने ‘सिफ्फीनेट’ हे नाव घेतले, आणि व्युत्पत्ती दिली की ही आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. याही वेळी न्यायालयाने ती मानली नाही. हा निकाल महत्त्वाचा अशासाठी की आपल्याकडे डोमेन नेमसाठी वेगळा कायदा नसला तरी १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातले ‘पासिंग ऑफ’चे तत्त्व, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये हे तत्त्व, त्याला लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने यात स्पष्ट केले.

दोन्ही प्रकरणांत आद्याक्षरे जुळवलेली. शब्दांच्या अभ्यासकाला हा खेळ ओळखीचा आहे. कोणत्याही शब्दाची हवी तशी फोड मागाहून करता येते. लोकव्युत्पत्ती अशीच जन्मते. खरी व्युत्पत्ती ओळखायची तर भांडण सुरू होण्याआधीचा पुरावा शोधावा लागतो. शब्द आधी कुठे लिहिला होता, कोणत्या अर्थाने, कोणत्या साली? आपण कोशकाराला जे विचारतो तेच न्यायाधीश प्रतिवादीला विचारतो.

या कसोटीवर मी निर्धास्त होतो. माझा शब्द मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात आहे. २००७ साली एका मासिकात छापून आलेल्या माझ्या लेखाचे शीर्षकच तो आहे. नाव घेतल्याची २०११ सालची पावती माझ्याकडे होती. कंपनीची नोंदणी २००६ सालची, म्हणजे माझ्या आधीची, पण ३० व्या वर्गातली. मला वाटले, एवढ्यावर प्रश्न मिटला. तो मिटला नाही.

व्युत्पत्ती पुरत नाही तेव्हा

सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ सालचा एक निकाल डोमेनच्या कितीतरी आधीचा आहे, पण या विषयात तो वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘अमृतधारा’ या औषधाच्या मालकांनी ‘लक्ष्मणधारा’ या नावाला हरकत घेतली होती. अमृताची धार आणि लक्ष्मणाची धार, अर्थ किती वेगळे! पण न्यायालयाने म्हटले की सामान्य गिऱ्हाईक नावाची फोड करून व्युत्पत्ती पाहत बसत नाही. त्याला आठवतो तो नावाचा ढोबळ आकार आणि आवाज. म्हणून ही दोन नावे फसवे साम्य असलेलीच ठरली. मात्र मूळ मालकाने बराच काळ चालू दिले होते, म्हणून ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. दोघांनीही जगावे, पण हद्द आखून, असा हा तोडगा.

म्हणजे व्युत्पत्ती तुमचा हेतू सिद्ध करते. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो की नाही, हा प्रश्न वेगळा राहतो. तो ठरतो तुम्ही त्या नावाखाली काय करता यावर.

उझी निस्सान यांची हकिकत हेच सांगते. निस्सान हे त्यांचे आडनाव, हिब्रू पंचांगातल्या एका महिन्याचे नाव. जपानी मोटार कंपनीचे ‘निस्सान’ हे ‘निप्पॉन सांग्यो’ या जुन्या उद्योगसमूहाच्या नावाचा संक्षेप. दोन्ही व्युत्पत्त्या अस्सल, एकमेकींशी काडीचा संबंध नाही. उझी यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९९१ साली आपल्या नावाने संगणकाचा व्यवसाय काढला आणि १९९४ साली ‘निस्सान डॉट कॉम’ घेतले. १९९९ साली मोटार कंपनीने दावा लावला. वाद कित्येक वर्षे चालला, पण नाव शेवटपर्यंत उझी यांच्याकडेच राहिले. २०२० साली ते वारले. मात्र एका मुद्द्यावर ते हरले. १९९९ साली त्यांनी आपल्या पानावर मोटारींशी संबंधित जाहिराती घेतल्या होत्या. २००४ साली अपील न्यायालयाने सांगितले की इतर जाहिराती चालतील. मोटारींच्या जाहिराती म्हणजे ट्रेडमार्कचा भंग, कारण तिथे तुम्ही दुसऱ्याच्या नावलौकिकावर पैसे मिळवता.

हे वाचले आणि मी नोटिशीची जोडपत्रे पुन्हा उघडली. त्यांत माझ्याच पानाची छापील प्रत होती, आणि पानाच्या उजव्या बाजूला एका दुसऱ्याच मसाल्याची जाहिरात. २०१७ साली खर्च भागवण्यासाठी मी आपोआप येणाऱ्या जाहिराती चालू केल्या होत्या. त्यातून महिन्याला पाच-सहाशे रुपये सुटत. पानावरच्या शब्दांना धरून या जाहिराती येतात हे मला माहीत होते, पण कधी विचार केला नव्हता. माझ्या पानांवर शब्द कोणते? हळद, मिरची, धणे, तीळ. मग मसाल्यांच्या जाहिराती येणारच. कंपनीच्या नावाच्या पाटीखाली तिच्या प्रतिस्पर्ध्याचा माल, असे ते चित्र होते. मी ते ठरवून केले नव्हते. पण पैसे माझ्याच खात्यात जमा झाले होते.

सगळ्यांचा शब्द

कोशातला शब्द आहे म्हणून तो कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा आणखी एक समज मी बाळगून होतो. तोही अर्धाच खरा. ‘याहू’ हा जोनाथन स्विफ्टने १७२६च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये घडवलेला शब्द, पुढे इंग्रजी कोशांत गेलेला. १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयात ‘याहूइंडिया’ नाव घेणाऱ्याने हा कोशातला शब्द असल्याचे म्हटले. न्यायालयाने तरीही मनाई केली. स्विफ्टचे रानटी याहू आणि इंटरनेटवरची शोधसेवा यांचा अर्थाने संबंध नाही, म्हणूनच ते नाव ओळख म्हणून बळकट ठरते.

याउलट ‘शादी’. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘शादी डॉट कॉम’च्या मालकांनी ‘सेकंड शादी’ या नावावर मनाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. लग्न जुळवणाऱ्या सेवेसाठी ‘शादी’ हा वर्णनाचा शब्द आहे, आणि वर्णनाचा शब्द एकाला आंदण देता येत नाही. त्याच न्यायालयाने २०१४ साली त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकरणात मनाई दिली होती, कारण तिथे प्रतिवादीने छुप्या खटपटी करून तिचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवले होते. शब्द तोच होता. वागणूक वेगळी होती.

रोमन लिपीची कुचंबणा

मराठी माणसाच्या बाबतीत या भांडणाला एक जास्तीचे कारण आहे, आणि त्यावर मला फारसे लिहिलेले आढळले नाही. आपण देवनागरीत विचार करतो आणि पत्ता रोमनमध्ये घेतो. एम, ए, एल, ए ही चार अक्षरे ओळीने लिहा. ती ‘मला’ वाचता येतात, ‘मळा’ वाचता येतात, ‘माळा’ आणि ‘माला’ही वाचता येतात. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड, ऱ्हस्व आणि दीर्घ अ, हे सारे भेद तिथे मिटतात. आपले वेगवेगळे शब्द रोमनमध्ये गेले की जुळे होतात. माझा शब्द आणि कंपनीचे नाव देवनागरीत शेजारी ठेवले तर शाळकरी मूलही गोंधळणार नाही. रोमनमध्ये एकही अक्षर वेगळे नाही.

२०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेपटीने देवनागरी नावे घेता येतात. आतून ती रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक साखळीत साठवली जातात, पण वाचणाऱ्याला ळ हा ळ दिसतो. नव्याने संकेतस्थळ काढणाऱ्याने देवनागरी नावही घ्यावे, असे मी सांगेन. त्याने सगळे प्रश्न सुटतील असे नाही, कारण लोकांची बोटे अजून रोमनमध्येच चालतात. पण आपला शब्द कोणता, याचा तो एक तारखेसह पुरावा होतो.

नोटीस आली तर

पहिली गोष्ट, ती फाडू नये आणि उत्तर दिल्याशिवाय ठेवूही नये. पोचल्याची तारीख पाकिटावर लिहावी. दुसरी, ट्रेडमार्कचा क्रमांक, वर्ग आणि वापराची तारीख रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावी. ती माहिती सर्वांना खुली असते. तिसरी, आपली व्युत्पत्ती कागदांनिशी गोळा करावी : कोशाचे पान, छापील लेख, पावत्या, जुनी पत्रे. चौथी, आपले पान परक्याच्या नजरेने पाहावे. काही चुकले असेल तर दुरुस्त करावे, पण आधी कसे होते याची प्रत आणि दुरुस्तीची तारीख जपून ठेवावी.

पाचवी गोष्ट सगळ्यात मोठी : किंमत सांगू नये. कॅनडात माइक रो नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून एक डोमेन घेतले. उच्चारी ते मायक्रोसॉफ्टसारखे. कंपनीने त्याला १० डॉलर देऊ केले. त्याने चिडून १०,००० मागितले. एवढ्याने खरे नाव असलेला मुलगा नाव अडवणारा ठरू लागला. २००४च्या जानेवारीत तडजोड झाली, पण रागातला एक आकडा किती महाग पडतो हे त्यातून शिकावे.

कोर्टाबाहेरही वाद चालतो. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्यात तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव गोंधळ होण्याइतके सारखे आहे; समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही; आणि नाव वाईट हेतूने नोंदवले व वाईट हेतूनेच वापरले. उत्तराला २० दिवस मिळतात. नुकसानभरपाई नसते, नाव रद्द होते, दुसऱ्याकडे जाते किंवा आहे तिथे राहते. ‘डॉट इन’चे वाद ‘निक्सी’ या संस्थेच्या धोरणाखाली लवादापुढे जातात. तिथे एका अव्ययाचा फरक आहे, आणि तो जीवघेणा आहे : वाईट हेतूने नोंदवले ‘किंवा’ वापरले. म्हणजे नोंदणी कितीही निर्मळ असली तरी पुढचा वापर बिघडला तर नाव जाऊ शकते. माझे नाव ‘डॉट इन’चे होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तक्रारदाराने लहान माणसाला दटावून नाव लाटायचा प्रयत्न केला, तर आंतरराष्ट्रीय नियमांत लवाद तसा शेरा मारू शकतो. आपल्या १९९९च्या कायद्यातही, कलम १४२ खाली, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दाद मागता येते.

ठराव

मी तालुक्याच्या गावातल्या वकिलांकडे गेलो. जाहिराती त्याच दिवशी बंद केल्या. उत्तरात मोल्सवर्थचे पान, २००७चा लेख आणि २०११ची पावती जोडली. वकील म्हणाले, “जाहिरातींचं काय करायचं? गप्प बसू?” मी म्हटले, लिहा. त्या का आल्या, किती पैसे मिळाले, कधी काढल्या, सगळे लिहा. ते जरा कुरकुरले, पण लिहिले.

चार महिने पत्रे चालली. २०२३च्या मार्चमध्ये स्टॅम्पपेपरवर ठराव झाला. नाव माझ्याकडे राहील. त्यावर जाहिराती आणि विक्री असणार नाही. मुखपृष्ठावर शब्द देवनागरीत मोठा असेल, आणि कोणत्याही खाद्यउद्योगाशी संबंध नाही अशी ओळ असेल. मी ते नाव दुसऱ्याला विकणार नाही. कधी सोडलेच तर आधी कंपनीला कळवीन. अमृतधारेसारखीच हद्द आखली गेली.

सह्या झाल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. कामाचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, “सर, तुमच्या त्या शब्दाचा अर्थ नेमका काय हो?” मी सांगितला. खळे, रास, माप मोजणारा माणूस, सगळे सांगितले. मग मीही विचारले की तुमचे नाव कशावरून? तो म्हणाला, “आमच्या मालकांच्या आजीचं नाव आहे ते. तिच्याच हातचा मसाला पहिल्यांदा विकायला काढला होता.”

नोटिशीची सहा पाने आणि माझ्या उत्तराची नऊ, यांत आजीचा उल्लेख कुठेच नव्हता. पहिल्याच पत्रात तो आला असता तर निदान मी पंधरा दिवस जे मनात बोललो ते बोललो नसतो.

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरणाची फी भरायची, हे आता भाचीलाही सांगून ठेवले आहे. फी भरायची राहिली तर ठराव, कोश, पावत्या असूनही नाव हातचे जाते. पासवर्ड मापांच्या पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे.